शिवाजीनगरचा आकडा आणि कोथरूडच्या गच्चीवरचा आकडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोथरूडमध्ये सोसायटीच्या गच्चीवर एक छोटं डिजिटल हवामान केंद्र बसवलं आहे. त्याच्या नोंदी शिवाजीनगर वेधशाळेच्या रोजच्या नोंदींशेजारी मांडल्या तर पावसाच्या तारखा जुळत नाहीत. एप्रिलमध्ये कमाल तापमान दोन-तीन अंशांनी जास्त येतं आणि हवेचा दाब भलताच कमी दिसतो. मग खरं कोणाचं? आणि अशा नोंदींवरून पुण्याचं हवामान बदललं आहे का, हे सांगता येईल का?

पुष्कळदा दोन्ही आकडे खरे असतात, फक्त ते एकाच गोष्टीचे नसतात. हवामानाचा कुठलाही आकडा तीन गोष्टींना बांधलेला असतो: तो कुठल्या चोवीस तासांचा आहे, कुठल्या जागेचा आहे आणि कुठल्या साधनाने घेतलेला आहे. हे तिन्ही कळल्याशिवाय दोन आकड्यांची वजाबाकी करू नये. त्यातही सगळ्यांत जास्त घोटाळा वेळेचा होतो, म्हणून सुरुवात तिथून करतो.

भारतीय हवामानशास्त्र विभागाचा पावसाचा दिवस मध्यरात्री सुरू होत नाही. तो सकाळी ८.३० ला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० ला संपतो, कारण जागतिक वेळेनुसार, म्हणजे यूटीसीनुसार, ती ०३.०० ची निरीक्षणवेळ आहे. पर्जन्यमापकात चोवीस तासांत साठलेलं पाणी ८.३० ला मोजतात आणि ज्या सकाळी मोजलं त्याच सकाळची तारीख त्याला देतात. म्हणजे ४ जुलैला संध्याकाळी सहा वाजता पडलेला पाऊस नोंदीत ५ जुलैच्या रकान्यात सापडतो. २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला पूर आला तो २५ सप्टेंबरच्या रात्री, पण त्या रात्रीचा पाऊस नोंदवहीत पाहायचा तो २६ सप्टेंबरला. २५ तारखेसमोरचा आकडा पाहून ‘वेधशाळेने पाऊस धरलाच नाही’ असं म्हणणारे नेहमी भेटतात.

तुमचं डिजिटल केंद्र मात्र मध्यरात्री शून्यावर येतं. त्यामुळे त्याची ‘आजचा पाऊस’ ही बेरीज वापरू नका. दर पाच किंवा दहा मिनिटांच्या कच्च्या नोंदी उतरवून घ्या आणि दिवस स्वतः बनवा. एक्सेलमध्ये सोपा मार्ग असा: प्रत्येक नोंदीच्या वेळेतून ८ तास ३१ मिनिटं वजा करा, उरेल त्यातली फक्त तारीख घ्या आणि तिच्यात एक दिवस मिळवा. ही झाली वेधशाळेच्या पद्धतीची तारीख. वजा करायला ८ तास ३० मिनिटं न घेता ३१ घेतली, कारण बरोबर ८.३० ची नोंद ही आधीच्या पाच मिनिटांचा पाऊस सांगते आणि ती संपणाऱ्या दिवसात पडायला हवी. एवढं एक मिनिट विसरलं तरी सकाळच्या सरीचा एखादा तुकडा दुसऱ्या दिवशी जातो. फाइल यूटीसीमध्ये असेल तर आधी साडेपाच तास मिळवा आणि मगच हे सगळं करा. स्वयंचलित केंद्रांच्या पुष्कळ फाइली यूटीसीमध्येच असतात. पुण्यात दुपारी अडीच-तीनला येणारं कमाल तापमान फाइलमध्ये सकाळी नऊ-साडेनऊला दिसत असेल तर वेगळा पुरावा नको.

तापमानाचं घड्याळ जरा वेगळं आहे. किमान तापमान सकाळी ८.३० च्या वाचनात ठरतं आणि कमाल तापमान संध्याकाळी ५.३० च्या. म्हणून सकाळच्या पत्रकात एकाच ओळीत छापलेलं कमाल हे कालच्या दुपारचं आणि किमान हे आजच्या पहाटेचं असू शकतं. त्या दोहोंची वजाबाकी करून ‘आजचा दैनिक फरक’ काढला तर तो कुठल्याच एका दिवसाचा नसतो.

मध्यरात्रीच्या हिशोबाने आणखी एक गंमत होते. डिसेंबरात थंडी उतरत असताना रात्री ११.५९ ला त्या दिवसाच्या पहाटेपेक्षा कमी तापमान असू शकतं, आणि तुमचं केंद्र तेच त्या दिवसाचं किमान म्हणून धरतं. उलट जे हाताने दिवसातून एकदाच, सकाळी, तापमापी वाचतात त्यांना दुसरा दोष चिकटतो. समजा सोमवारी पहाटे ९ अंश होतं आणि ८.३० ला तापमापीतला दर्शक, म्हणजे किमान आकड्यावर थांबून राहणारी खूण, पूर्ववत केला तेव्हा हवा १२ अंशांवर होती. मंगळवारची पहाट ढगाळ होती, १४ अंशांखाली गेलीच नाही, तरी मंगळवारच्या वाचनात १२ येणार, कारण मोजणीची सुरुवातच १२ पासून झाली. थंडीची एक सकाळ अशी दोनदा मोजली जाते. अशा नोंदीत थंडीचे दिवस खऱ्यापेक्षा जास्त दिसतात. घरी हाताने नोंद ठेवत असाल तर किमान तापमापीचा दर्शक फक्त सकाळीच नव्हे, संध्याकाळीही पूर्ववत करा, हा दोष जातो.

आता पाऊस मोजण्याचं साधन. १ मिमी पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. यातून कुठल्याही पर्जन्यमापकाची तपासणी करता येते: तोंडाचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये काढा, त्याला १० ने भागा, तेवढे मिलिलिटर म्हणजे १ मिमी. वेधशाळेच्या फायबरच्या पर्जन्यमापकाचं तोंड २०० किंवा १०० चौरस सेंटिमीटर असतं. म्हणजे पहिल्यात १ मिमीला २० मिलिलिटर, दुसऱ्यात १०. दोन्हींची मापनपात्रं वेगळी, आणि ती एकमेकांत बदलली गेली की पाऊस दुप्पट किंवा निम्मा नोंदला जातो. एखाद्या ग्रामीण केंद्राच्या जुन्या नोंदीत अमुक महिन्यापासून पाऊस शेजारच्या गावांच्या बरोबर निम्मा होत असेल तर दुष्काळाआधी मापनपात्राचा संशय घ्या. पूर्वी ते फुटलं आणि हाताला लागलं ते वापरलं, असं घडतं. घाटात अजून एक अडचण: २०० चौरस सेंटिमीटर तोंडाखाली ४ लिटरची बाटली असेल तर ती २०० मिमीला भरते. ताम्हिणी किंवा लोणावळ्याला २०० मिमीचा दिवस ही दुर्मीळ गोष्ट नाही. तिथे मोठी बाटली हवी, किंवा दिवसातून दोन-तीनदा मोजून बेरीज करायला हवी.

तुमच्या डिजिटल केंद्रात बहुधा डुगडुगणारी जोडवाटी आहे. एक वाटी भरली की कलते, दुसरी वर येते, आणि प्रत्येक कलण्याला ०.२ किंवा ०.२५ मिमी धरला जातो. तिची तपासणी मे महिन्यात कराच. समजा तोंडाचा व्यास २० सेमी आहे. क्षेत्रफळ ३१४ चौरस सेमी. प्लास्टिकच्या बाटलीत ३१४ मिलिलिटर पाणी घ्या, झाकणाला सुईने भोक पाडा आणि बाटली पर्जन्यमापकावर अशी उलटी धरून ठेवा की पाणी संपायला जवळपास एक तास लागेल. पडद्यावर १० मिमी यायला हवेत, म्हणजे ०.२ मिमीची वाटी ५० वेळा कलायला हवी. ९ मिमी आले तर मापक दहा टक्के कमी दाखवतं. ३१४ मिलिलिटर एकदम ओतू नका. वाटी कलत असताना वरून येणारं पाणी मोजलं जात नाही, त्यामुळे जोराच्या पावसात ही मापकं मुळातच थोडं कमी दाखवतात, आणि एकदम ओतलं तर तुम्ही तोच दोष मोजत बसाल. वळवाच्या धुवाधार सरीत शिवाजीनगरपेक्षा तुमच्याकडे कमी आलं तर त्यातला काही भाग याच कारणाचा असतो.

जोडवाटीचं सगळ्यांत नेहमीचं दुखणं म्हणजे चाळणीत अडकलेला पाला, कबुतरांची घाण आणि गांधीलमाश्यांचं घर. नोंदीत ते ओळखू येतं. पाऊस थांबून आभाळ उघडलं तरी तासन्‌तास ठरावीक अंतराने ०.२, ०.२ येत राहतं: नरसाळ्यात तुंबलेलं पाणी थेंबथेंब झिरपत असतं. एकूण बेरीज कदाचित बरोबर असेल, पण तीव्रता पूर्ण चुकीची. पुरता तुंबला तर ऐन जुलैत ओळीने कोरडे दिवस दिसतात, आणि ते तर आणखी वाईट, कारण शून्य हा आकडा कोणाला खटकत नाही.

जागेचं म्हणाल तर पर्जन्यमापकाचं तोंड जमिनीपासून ३० सेमीवर, आडवं, आणि आजूबाजूच्या कुठल्याही झाड-भिंतीपासून तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर असायला हवं. गच्चीवर ते जमत नाही. पुण्याचा मोसमी वारा पश्चिमेकडून येतो. तो कठड्यावर आपटून वर उसळतो आणि बारीक थेंब मापकावरून पलीकडे घेऊन जातो. मापक कठड्याला किंवा पाण्याच्या टाकीला चिकटून पूर्वेला ठेवलं असेल तर पावसाच्या सावलीत आहे. गच्चीच्या मध्याकडे हलवा. सोसायटीच्या बागेत मोकळा कोपरा मिळाला तर पावसासाठी तोच चांगला.

तापमानात दोन-तीन अंश जास्त का येतात याचं उत्तरही जागेत आहे. वेधशाळेची तापमापी पांढऱ्या, दुहेरी झडपांच्या लाकडी पेटीत असतात. या स्टीव्हन्सन स्क्रीनचं दार उत्तरेकडे उघडतं म्हणजे वाचताना ऊन आत पडत नाही, आणि तापमापी जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, गवताच्या किंवा मोकळ्या मातीच्या वर असतात. तुमचं केंद्र काँक्रीटच्या स्लॅबवर आहे. एप्रिलच्या दुपारी स्लॅब तापतो आणि ती उष्णता खालून केंद्राच्या तापमान-संवेदकाभोवती आडोसा म्हणून लावलेल्या थाळ्यांमध्ये शिरते. शिवाय स्वस्त केंद्रांच्या प्लास्टिकच्या थाळ्यांत वारा पडला की हवा कोंडते. फरक कोणत्या वेळी पडतो ते पाहा. दुपारी, वारा नसताना आणि निरभ्र दिवशीच जास्त असेल तर दोष आडोशाचा. रात्रीही तेवढाच असेल तर संवेदक सरसकट जास्त दाखवतो, किंवा कोथरूडची ती जागा खरंच तेवढी उबदार आहे. ढगाळ जुलैत दुपारचा फरक नाहीसा होत असेल तर आडोशावर शिक्कामोर्तब. यावर उपाय म्हणजे केंद्र स्लॅबपासून निदान दोन मीटर वर खांबावर घ्या, टाकी आणि एसीच्या बाहेरच्या युनिटपासून लांब ठेवा, थाळ्या दर दोन महिन्यांनी धुवा. मळकी थाळी ऊन पिते.

हे करूनही थोडा फरक राहणारच आणि तो खरा असेल. पुण्याचं तापमान एक नाही. हिवाळ्यात पाषाण आणि एनडीए परिसरातलं किमान तापमान कोरेगाव पार्क किंवा मगरपट्ट्यापेक्षा काही अंशांनी खाली असतं, कारण मोकळी जमीन आणि टेकड्यांवरून रात्री उतरणारी गार हवा एकीकडे, तर इमारतींत कोंडलेली उष्णता दुसरीकडे. पावसाचं तर विचारूच नका: पुणे शहराला वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिमी, पश्चिमेला साठ-सत्तर किलोमीटरवर लोणावळ्याला त्याच्या पाचपट-सहापट, आणि पूर्वेला दौंड-बारामतीकडे पुण्याहूनही कमी. म्हणून ‘पुण्याचा पाऊस’ म्हणताना केंद्राचं नाव घ्यावंच लागतं. आंबिल ओढ्याच्या पुरात कात्रजच्या डोंगराकडचा पाऊस महत्त्वाचा होता. शिवाजीनगरच्या एकट्या आकड्यावरून तो पूर समजत नाही.

दाबाचं कोडं सोपं आहे. शिवाजीनगर वेधशाळा समुद्रसपाटीपासून ५५९ मीटरवर आहे. तिथे हवेचा प्रत्यक्ष दाब साधारण ९४३ ते ९५२ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. नकाशावर आणि बातम्यांत दिसणारा १००५ किंवा १०१४ हा समुद्रसपाटीला आणलेला दाब आहे, म्हणजे ती जागा समुद्रसपाटीवर असती तर किती असता असा हिशोब करून काढलेला. तुमच्या केंद्राच्या सेटिंगमध्ये उंची टाका, आकडे जवळ येतील. मात्र दुपारी दाब तीन-चार हेक्टोपास्कलने पडला म्हणून वादळाची वाट पाहू नका. आपल्या अक्षांशात दाबाला रोजची भरती-ओहोटी असते: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. म्हणून आजचा दाब कालच्या त्याच वेळेच्या दाबाशीच ताडायचा.

आर्द्रतेबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे साधन बरोबर असूनही अर्थ चुकतो. एप्रिलमध्ये सकाळी २४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ४५ टक्के, दुपारी ३८ अंश आणि २० टक्के अशी नोंद दिसली की वाचणाऱ्याला वाटतं, दुपारपर्यंत हवा निम्म्याहून अधिक कोरडी झाली. पण दोन्ही वेळचा दवबिंदू (हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान) काढला तर तो ११ अंशांच्याच आसपास येतो. हवेतली वाफ तेवढीच आहे. हवा तापली म्हणून टक्का घसरला. म्हणून दोन दिवसांची, दोन ठिकाणांची किंवा दोन वेळांची तुलना दवबिंदूवर करा. मे महिन्यात पश्चिमेचा वारा घाट चढून पुण्यात पोचू लागतो तेव्हा दवबिंदू चढतो, आणि संध्याकाळच्या वळवाचा अंदाज टक्क्यापेक्षा त्यातून जास्त कळतो.

हाताने घेतलेल्या नोंदीत आर्द्रता ओल्या तापमापीवरून, म्हणजे फुग्याला ओला कपडा गुंडाळलेल्या तापमापीवरून, काढतात, आणि तिचं सगळं शील मलमलीच्या कपड्यात आहे. कपडा मळला, ताठ झाला, क्षार साचले की बाष्पीभवन मंदावतं आणि ओली तापमापी जास्त दाखवते. कोरडी ३८ आणि ओली २० असेल तर आर्द्रता १८ टक्क्यांच्या आसपास. मळक्या कपड्याने ओली २२ दाखवली तर तीच २५ टक्के होते. दोन अंशांच्या चुकीने एवढा फरक पडतो. पाणी ऊर्ध्वपातित वापरा, कपडा आठवड्याला बदला, आणि नळाचं पाणी लागलं असेल तर लगेच. डबीतलं पाणी संपलं तर दोन्ही तापमापी सारखं दाखवतात आणि एप्रिलच्या दुपारी १०० टक्के आर्द्रता नोंदली जाते. डिजिटल संवेदकाचा उलटा आजार: पावसाळाभर ओलाव्यात राहिला की तो १०० ला चिकटतो आणि ऑक्टोबरच्या कोरड्या दुपारीही खाली यायला कुरकुरतो.

वाऱ्याची दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती दिशा, आणि वेग १० मीटर उंचीवरचा. गच्चीवरचा वेग शिवाजीनगरशी ताडू नये, त्यात इमारतीचेच भोवरे जास्त. दिशेची सरासरी साधी बेरीज करून काढू नका: ३५० आणि १० अंश हे दोन्ही उत्तरेचे वारे, पण त्यांची सरासरी १८० येते, म्हणजे दक्षिण.

आता नोंदींची शहानिशा. कुठलीही जुनी फाइल हातात आली की आकडेमोडीआधी काही गोष्टी न चुकता पाहाव्यात. कमाल तापमान त्या दिवशीच्या ५.३० च्या कोरड्या तापमापीपेक्षा कमी असू शकत नाही. किमान हे ८.३० च्या कोरड्या तापमापीपेक्षा जास्त असू शकत नाही. ओली तापमापी कोरडीच्या वर जाऊ शकत नाही. यातलं काही मोडलं असेल तर आकडा उलटा लिहिला गेला आहे किंवा तापमापी बिघडली आहे. ओळीने दोन-तीन दिवस कमाल तापमान दशांशापर्यंत तेच असेल तर पाऱ्याची तापमापी झटकून खाली आणली गेली नाही. कालचाच पारा आज वाचला. किमान तापमापीत अल्कोहोल असतं. त्याचा स्तंभ तुटला किंवा थोडं अल्कोहोल उडून नळीच्या वरच्या टोकाला साचलं की ती हळूहळू कमी दाखवू लागते, आणि हा दोष महिनोन्‌महिने लपून राहतो. दशांश अंकही मोजा: शून्य आणि पाच हेच अंक भरमसाट आले असतील तर वाचणारा अंदाजाने लिहीत होता. रविवारी शून्य आणि सोमवारी मोठा पाऊस असं वारंवार दिसलं तर सुट्टीच्या दिवशी मोजणी झालीच नाही, दोन दिवसांचं पाणी एकदम मोजलं गेलं. अशा सोमवारला एक दिवसाच्या विक्रमात धरू नका.

सगळ्यांत घातक चूक रिकाम्या जागेची. सरकारी तक्त्यात ‘निरंक’ म्हणजे पाऊस पडला नाही, आणि ‘अप्राप्त’ म्हणजे माहिती आली नाही. संगणकावर उतरवताना दोन्हींचं शून्य करून टाकतात आणि तिथून पुढचं सगळं बिघडतं. फाइलींमध्ये नसलेल्या आकड्यासाठी खुणेचा अंक असतो. हवामान विभागाच्या पावसाच्या जाळीदार (म्हणजे नकाशावर चौकटी पाडून प्रत्येक चौकटीला एक आकडा दिलेल्या) फाइलीत तो -९९९ आहे आणि तापमानाच्या फाइलीत ९९.९. ते काढल्याशिवाय सरासरी घेतली तर -९९९ मुळे पावसाचं उत्तर हास्यास्पद येतं आणि लगेच कळतं, पण ९९.९ मुळे तापमानाचं उत्तर किंचित चुकीचं येतं, आणि तेच जास्त धोक्याचं. जागतिक हवामान संघटनेचा नियम असा की महिन्यात ११ किंवा अधिक दिवस, किंवा सलग ५ किंवा अधिक दिवस नोंद नसेल तर त्या महिन्याची सरासरी काढू नये. हा तापमानासाठी. पावसाच्या बेरजेत तर एकही दिवस गळून चालत नाही, कारण पुण्यात महिन्याचा निम्मा पाऊस दोन-तीन दिवसांत येऊ शकतो.

जाळीदार आकडेवारीचं नाव निघालं म्हणून: १९०१ पासूनचा रोजचा पाऊस ०.२५ अंशांच्या चौकटीत आणि १९५१ पासूनचं तापमान १ अंशाच्या चौकटीत हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाकडून मिळतं. ०.२५ अंश म्हणजे सुमारे २७ किलोमीटर. घाटमाथा आणि पुणे यांच्यात पाऊस एवढ्याच अंतरात कित्येक पटींनी घटतो, त्यामुळे मुळशीकडची चौकट वाचून कोथरूडबद्दल बोलू नये. केंद्राची मूळ रोजची नोंद हवी असेल तर पुण्यातल्याच राष्ट्रीय डेटा केंद्राकडे मागणी करावी लागते.

पावसाच्या वर्गांचे शब्द ठरलेले आहेत आणि बातमीतल्या विशेषणांशी त्यांचा संबंध नाही. २.५ मिमी किंवा जास्त झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’. ६४.५ ते ११५.५ मिमी जोरदार, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार, त्यापुढे अत्यंत जोरदार. महसूल खात्याची नुकसानभरपाईसाठीची अतिवृष्टीची ६५ मिमीची मर्यादा याच्याच जवळची, पण ती मंडळाच्या पर्जन्यमापकावर पाहिली जाते, म्हणून शेतकऱ्याने आपल्या मंडळाचं मापक कुठे आहे आणि त्याचे चोवीस तास कधी सुरू होतात हे जाणून घ्यायलाच हवं. आणि हे सगळे चोवीस तासांचे आकडे. ४० मिमी दिवसभराच्या झडीत पडला तर रस्ते ओले राहतात. तोच एका तासात पडला तर सिंहगड रस्त्यावर गाड्या बुडतात. दैनिक नोंदीत दोन्ही दिवस सारखेच दिसतात.

उष्णतेच्या लाटेचंही तसंच. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश हवं आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक वर हवं. पुण्यात एप्रिलअखेरची सरासरी ३८ च्या आसपास आहे. म्हणजे ४१ अंशांना जीव नकोसा झाला तरी ती व्याख्येनुसार लाट नाही, निदान ४२.५ गाठावं लागतं. (४५ अंश गाठले तर सरासरी न पाहताही लाट धरतात.) थंडीचंही असंच: १० अंश किंवा खाली आणि सरासरीपेक्षा ४.५ ने कमी. जानेवारीची ८ अंशांची पहाट पुण्याला गार असते, थंडीची लाट नसते. इथे ‘सरासरी’ म्हणजे तीस वर्षांची, आणि ती कुठली तीस वर्षं हे पाहा. १९८१–२०१० ऐवजी १९९१–२०२० ची सरासरी धरली की दिवस तोच राहूनही ‘सरासरीपेक्षा किती’ हा आकडा बदलतो. दोन काळांतल्या बातम्यांतले फरक थेट जोडू नका. मूळ तापमान घ्या आणि फरक एकाच सरासरीपासून नव्याने काढा.

पावसाला सरासरी फसवी असते. समजा पाच ऑक्टोबर महिन्यांत २०, ३५, ४०, ६० आणि २४५ मिमी पाऊस झाला. सरासरी ८० येते, पण पाचांपैकी चार वर्षं त्याच्या खाली आहेत. पेरणीचा किंवा पाण्याचा विचार करणाऱ्याला मधला आकडा, ४०, जास्त उपयोगाचा.

राहिला मोठा प्रश्न: पुणं बदललं का? तुमच्या गच्चीवरच्या दोन-चार वर्षांच्या नोंदींतून ते सांगता येणार नाही, आणि कोणी सांगितलं तर ऐकू नका. शिवाजीनगरची नोंद लांब आहे, पण तिचाही इतिहास वाचावा लागतो. इथला सर्वोच्च ४३.३ अंश हा ३० एप्रिल १८९७ चा आणि नीचांक १.७ अंश हा १७ जानेवारी १९३५ चा. हवामान खात्याचं कार्यालय शिमल्याहून पुण्यात आलं ते १९२८ मध्ये, आजही त्या इमारतीला शिमला ऑफिसच म्हणतात. म्हणजे पहिला विक्रम त्याआधीच्या काळातला. साधनं, जागा, भोवतालची शेतं आणि आजचं भोवतालचं शहर यांचा हिशोब न करता १८९७ ची दुपार आजच्या दुपारीशेजारी ठेवता येत नाही.

करायचंच असेल तर कमाल आणि किमान वेगवेगळे घ्या, दोहोंची सरासरी घेऊ नका. शहर वाढलं की त्याचा ठसा रात्रीवर, म्हणजे किमान तापमानावर, आधी आणि जास्त उमटतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या निरभ्र रात्रींची किमान तापमानं घ्या आणि त्यांतून शहराबाहेरच्या किंवा कमी बांधकामाच्या एखाद्या केंद्राची त्याच रात्रींची किमान तापमानं वजा करा. हा फरक वर्षानुवर्षं हळूहळू वाढत असेल तर शहराचा परिणाम. दोन्ही केंद्रं एकत्र चढत असतील तर कारण शहरापेक्षा मोठं. फरकात एका वर्षी अचानक पायरी पडली असेल तर ना शहर, ना हवामान: साधन बदललं, पेटी हलवली किंवा शेजारी इमारत उठली.

तुमच्या कोथरूडच्या केंद्रालाही हीच कसोटी लावा. महिन्याच्या महिन्याला शिवाजीनगरशी फरक काढा आणि एका रेषेवर मांडा. त्यासोबत एक वही ठेवा: थाळ्या कधी धुतल्या, बॅटरी कधी बदलली, जोडवाटी कधी तपासली, खांब कधी हलवला, समोर नवीन मजला कधी चढला. आकड्यांची फाइल कुठूनही परत मिळवता येईल, ही वही नाही. आणि संवेदक बदलायची वेळ आली तर जुना लगेच काढू नका. नवा त्याच खांबावर शेजारी लावा आणि दोन्ही निदान वर्षभर, जमलं तर दोन वर्षं, एकत्र चालू द्या, म्हणजे उन्हाळा, पावसाळा आणि थंडी या तिन्हींत दोघांतला फरक किती आहे हे हाती राहील आणि जुनी नोंद नव्या नोंदीला जोडता येईल.